साइडकारमध्ये कोण बसतं तुमच्या? (अनुभव धागा)

रामबागकरीण

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी जिन्याखाली बाबांच्या चेतक स्कूटरची साइडकार, म्हणजे बाजूला जोडायची एका चाकाची बैठक, वीसेक वर्षं पडून होती. आत गणपतीचं मखर, रद्दी आणि पाय मोडलेला एक पाट. माझ्या लहानपणी त्या साइडकारवर आजीचा हक्क होता. नऊवारी सावरून, छत्री उघडून ती आत बसायची आणि बाबा तिला महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमाला घेऊन जायचे. छत्री वाऱ्याने उलटी व्हायची, तरी आजी ती मिटायची नाही.

आता तिथे बाळू बसतो. बाळू आमच्या गल्लीतलाच. लोडिंग रिक्षाखाली सापडला आणि मागचा उजवा पाय काढावा लागला. तीन पायांच्या कुत्र्याला स्कूटरवर पायाशी उभं राहता येत नाही, ब्रेक लागला की तोंडावर येतो. डॉक्टरांकडे दर आठवड्याला न्यायचं, तर निम्मे रिक्षावाले कुत्रा पाहूनच पुढे निघून जायचे. शेवटी जिन्याखालचा पसारा उपसला. साइडकारच्या तळाच्या पत्र्याची चाळणी झाली होती. तो नवा बसवला, वर रबरी मॅट टाकली. रेक्झिन मुद्दाम नाही टाकलं, त्यावर नखं घसरतात. चाक चेतकच्याच मापाचं आहे, त्यामुळे स्टेपनी दोघांत एकच चालते.

शिकवणीला बारा दिवस लागले. पहिले चार दिवस गाडी अंगणात बंद उभी, फक्त जेवणाची ताटली साइडकारमध्ये. पाचव्या दिवशी इंजिन चालू केलं तर साहेब थेट मोरीत. मग गाडी पार फाटकापाशी चालू ठेवायची आणि ताटली ओसरीवर, असं करत रोज चार हात जवळ आणली. त्यानंतर दादाने इंजिन बंद ठेवून, हाताने ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणला. तेराव्या दिवशी बाळू स्वतः चढून बसला आणि संध्याकाळपर्यंत उतरेना.

इंदूर, महू, देवास, उज्जैन, जिथले असाल तिथून लिहा. कुत्रा, मांजर, काहीही चालेल. गोड फोटो सगळ्यांकडे आहेत, चुकलं काय ते आधी सांगा.

मालवा मिलवाला

ताई, बाळूची शिकवणी झाली, दादाची झाली का? माझ्या वडिलांचं गॅरेज होतं आणि साइडकारच्या उलटलेल्या गाड्या आमच्याकडेच यायच्या.

साइडकार लावली की तिला मोटरसायकल समजू नये. वळताना झुकता येत नाही, हँडलच फिरवावं लागतं. आपल्याकडे साइडकार डावीकडे असते, म्हणून गॅस दिला की गाडी डावीकडे ओढते. ब्रेक मारला की उजवीकडे, कारण बहुतेक जुन्या साइडकारच्या चाकाला ब्रेक नसतो, ते आपलं पुढेच जायला बघतं. घात होतो डाव्या वळणावर. साइडकार हलकी असेल तर तिचं चाक उचलतं, माणूस दचकून हँडल सरळ करतो आणि समोरून येणाऱ्या बसच्या पुढ्यात जातो.

अलाइनमेंटसाठी, म्हणजे चाकांची दिशा जुळवायला, वडील दोन सरळ फळ्या वापरायचे. एक गाडीच्या दोन्ही चाकांना टेकवून, दुसरी साइडकारच्या चाकाला. दोन फळ्यांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर कमी हवं, आणि गाडी साइडकारपासून किंचित बाहेर कललेली हवी. हे न करता चालवलं तर संध्याकाळी खांदे उचलत नाहीत.

आधी रेतीची गोणी टाकून दसरा मैदानावर आठवडाभर पहाटे डावी वळणं घ्या. मग कुत्रा बसवा. आणि लक्षात ठेवा, गोणी जागची हलत नाही, कुत्रा हलतो.

सुदामानगरचा बुलेटवाला

चुकलेलं सांगा म्हणालात म्हणून सांगतो. हे घरात बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही.

माझी चांदणी मुधोळ जातीची. म्हणजे पळण्यासाठीच जन्मलेली, आणि नजर अशी की आपल्याला दिसायच्या आधी तिला दिसतं. डिसेंबरातली सकाळ, खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे चोरलकडे निघालो होतो. हार्नेस घातला होता, पट्टा साइडकारच्या कडीला बांधला होता. पट्टा सव्वा हात लांब. बिचारीला मान वळवता यावी, मागेपुढे बघता यावं, असा माझा शहाणपणा.

घाटाच्या तोंडाशी लोक माकडांना चणे टाकतात. माझा वेग पंचवीसच्या आसपास. रस्त्याच्या डाव्या कठड्यावर एक माकड उठून उभं राहिलं आणि चांदणी उडी मारून साइडकारच्या डाव्या काठावरून बाहेर गेली. पट्ट्याने तिला धरलं, पण अर्ध्यावर. मागचे पाय आत, छाती काठावर, पुढचे पाय डांबरावर घासताहेत आणि साइडकारचं चाक तिच्यापासून वीतभर. मी ब्रेक दाबला तर गाडी उजवीकडे गेली. वर मालवा मिलवाल्यांनी लिहिलंय तेच, फक्त मला ते तेव्हा कळलं. समोरून काही आलं नाही म्हणून हे लिहितोय.

पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्या सोलल्या होत्या. एक नख मुळापासून गेलं. रडली नाही, माझ्याकडे बघतही नव्हती, अजून माकडाकडेच बघत होती. पंजांना माझा मफलर गुंडाळला आणि वीसच्या वेगाने परत आलो.

आता पट्टा वीतभर. दोन पट्टे, एक उजवीकडे, एक डावीकडे. बसता येतं, उभं राहून काठावर हनुवटी टेकवता येते, पुढचा पाय काठावर टाकता येत नाही. हे घरी अंगणात मोजून घ्या, अंदाजाने नको.

पांढरा कोट

मी जनावरांचा डॉक्टर, म्हणून थोडं रागावून लिहितो.

गळ्यातल्या पट्ट्याला बांधून नेलेला कुत्रा वर लिहिलाय तसा बाहेर गेला असता तर फास लागला असता. चांदणी वाचली ती हार्नेसमुळे, पट्टा छातीवर होता म्हणून. आजही माझ्याकडे दहापैकी सात जण गळपट्ट्यावरच येतात.

वाऱ्यात तोंड काढून बसलेला कुत्रा फोटोत छान दिसतो. त्याच कुत्र्याचे लाल डोळे दुसऱ्या दिवशी मी धुतो. आपल्याकडे धूळ उडवणारं खोदकाम कुठे नाही? कुत्र्यांचे गॉगल मिळतात, त्यांची सवय आधी घरात पाच-पाच मिनिटं लावा. नाहीच घालत म्हणाला तर समोर काच बसवा आणि सावकाश चालवा. निघायच्या आधी तीन तास जेवण नको, पाणी चालेल. पिल्लांना लसी पूर्ण झाल्याशिवाय फिरवू नका.

पलासियाची ताई

माझं लिहायला लाज वाटते. पग आहे, गोट्या. मे महिन्यातला रविवार, बायपासला मैत्रिणीकडे जायचं होतं, निघता निघता अकरा वाजले. वारा लागतोय तर त्याला गरम कसं होईल, असं मला वाटलं. साइडकारचा टब पत्र्याचा, आणि रंग काळा! तव्यावर बसवलं मी त्याला. ऊन अंगावर, तापलेला पत्रा पोटाखाली. अर्ध्या वाटेत त्याचं धापणं घरघरीत झालं आणि जीभ जांभळट दिसायला लागली. एका दुकानाच्या सावलीत नेलं. दुकानदारकाकांनी विचारलंही नाही, माठातलं पाणी पोटावर, पंजांवर, कानांवर ओतलं आणि पुठ्ठ्याने वारा घातला. तिथून थेट डॉक्टर.

गोट्या वाचला. टबला पांढरा रंग दिला, आत जाड ताडपत्री घातली, पण खरं सांगायचं तर मार्च ते जून आम्ही जातच नाही. गेलोच तर दिवस मावळल्यावर. माळव्याच्या रात्री उन्हाळ्यातही निवतात, तो एकच आधार.

पांढरा कोट

ताई, त्या काकांनी अगदी बरोबर केलं. कुत्र्याला घाम पंजांच्या गाद्यांतून येतो, तोही नावापुरता. बाकी सगळी उष्णता धापेतून बाहेर टाकायची, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तीच वाट अरुंद. निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू टबवर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर त्यालाही बसवू नका.

नवीन सभासद

आमच्या मिठूला पिंजऱ्यासकट नेलं तर चालेल का?

मालवा मिलवाला

आपला देशी पोपट असेल तर साइडकारचा प्रश्न नंतर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, त्याखाली तो पाळणंच गुन्हा आहे. हळूच वनविभागाला विचारा.

तिलकनगरची मांजरवाली

वेताची टोपली, वरून झाकण, आत माझी जुनी साडी. टोपली दोन पट्ट्यांनी घट्ट. तिलकनगर ते गीता भवन, जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात सोनीने साडीवर सगळं केलं आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मांजरांचं एवढंच.

लोकमान्यनगरच्या आजी

नातू टाइप करतोय, मी सांगतेय. तुम्ही सगळे कुत्री-मांजरी घेऊन बसलात. आमच्या ह्यांची जावा मोटरसायकल होती, तिला साइडकार. तेव्हा आमच्याकडे शेळी होती, मुलीला दूध पचत नव्हतं म्हणून आणलेली. ती आजारी पडली तर कोणीतरी सांगितलं, महूला जनावरांचं कॉलेज आहे, तिथे न्या. तेव्हाचा महूचा रस्ता म्हणजे आत्तासारखा नव्हे. मी मागे बसून शेळीची शिंगं धरली. जाताना मलूल होती. औषध टोचल्यावर येताना तरतरीत झाली, आणि राऊ येईपर्यंत तिने साइडकारच्या गादीचा कोपरा, आतला काथ्या आणि ह्यांच्या ऑफिसच्या फाइलीची दोरी, एवढं खाल्लं. फाइल वाचली ती मी तिच्यावर बसले म्हणून.

हे शेवटपर्यंत म्हणायचे, गादी तिच्या फीमध्ये धरा.

देवासनाका

कागदाचं कोणीच लिहिलं नाही. मी जुनी साइडकार विकत घेतली, बुलेटला लावली आणि मॅक्सला बसवून मिरवत निघालो. चौकात हवालदारसाहेबांनी थांबवलं. मॅक्सला आधी बिस्किट दिलं, मग मला म्हणाले, "भिया, ये तीसरा चक्का कागज में किधर है?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीने दिलेल्या गाडीत असा बदल करायचा तर आधी परवानगी हवी आणि आरसीवर नोंद हवी. नोंद नसेल तर अपघातात विम्याचीही पंचाईत. चूक माझीच, दंड भरला. नोंदीच्या खेपा सांगत नाही, धागा तिथेच संपेल.

रामबागकरीण

आजी, नमस्कार! शेळीवर तोड नाही.

बाळूचा एक किस्सा राहिला. छप्पन दुकानापाशी थांबलो होतो. गर्दी जमली, फोटो झाले, आणि एका लहानग्याने प्रेमाने आपल्या प्लेटमधले पोहे त्याच्यापुढे धरले. वर शेव, जीरावण आणि मूठभर कच्चा कांदा. कांदा कुत्र्याला विषच, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मी ओरडले, तर त्या मुलाची आई माझ्यावर ओरडली. आता साइडकारला पाटी लावली आहे, मराठीत आणि हिंदीत, 'कृपया काही देऊ नका'. बाळू लोकांकडे असा बघतो की पाटी कोणी वाचत नाही.

आणि हो, शीची पिशवी खिशात ठेवाच. २०१७ ते २०२३ आपलं इंदूर देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात दर वर्षी पहिलं आलं. बाळूने ते घालवलं तर सासरी तोंड दाखवता येणार नाही.

मालवा मिलवाला

अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) आणि रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक), हे दोन दिवस गाडी बाहेर काढूच नका. ढोल, भोंगे, वर रंगाचे फवारे. आमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा राजवाड्यापासून हार्नेस तोडून पळाला, दोन दिवसांनी बडा गणपतीपाशी सापडला, हिरवा.

राजेंद्रनगरचे काका

आमचा शेरू लॅब्राडोर, चौतीस किलो. नऊ वर्षं यज्दी मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसला. रविवारी जानापाव, नाहीतर यशवंत सागर. शेवटी सांधे गेले, चढता येईना, तर फळी लावून, वर गोणपाट ठोकून चढवायचो. गेल्या पावसाळ्यात गेला.

साइडकार काढून ठेवू म्हटलं, तर ही नको म्हणाली. दोन महिन्यांनी सहज म्हणून रिकामी गाडी काढली. कॅट रोडवरच्या पहिल्याच डाव्या वळणाला साइडकारचं चाक हवेत गेलं. वेग नेहमीचाच होता. कसाबसा सावरलो, कडेला थांबलो आणि मग डोक्यात प्रकाश पडला. डावं वळण यायच्या आधी शेरू सरकून डाव्या काठाला टेकून बसायचा, दर वेळी. मला वाटायचं त्याला तिकडचं बघायचं असतं. नऊ वर्षं मी ऐटीत सांगत होतो की माझं चाक एकदाही उचललं नाही.

आता चौतीस किलो रेती भरून गोणी ठेवतो. वळणं पूर्वीपेक्षा हळू घेतो, कारण गोणी सरकून बसत नाही.

मालवा मिलवाला

काका, गोणी बांधता ना?

राजेंद्रनगरचे काका

बांधतो. त्याच्याच हार्नेसने. सुटी ठेवली तर उजव्या वळणावर काठावर येते.