मदत हवी आहे: धाकट्या जाऊच्या नागरिकत्वाच्या अर्जाची वाट बघणं आता झेपेना

नमस्कार मंडळी,

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावातून लिहितेय. आमचं एकत्र कुटुंब आहे. सासू-सासरे, आम्ही दोघं, धाकटे दीर, जाऊ आणि पोरंबाळं. प्रश्न जाऊचा आहे आणि तिला विचारूनच लिहितेय.

ती मूळची मॉरिशसची, पण तिथली मराठी. तिचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यात राबायला तिकडं गेले. तिथं अजून शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. घरात क्रिओल बोलायची आणि आरती मराठीत म्हणायची, अशी ती वाढली. शिकायला इकडं आली, दिरांशी ओळख झाली, दोन्ही घरच्यांनी मिळून लग्न लावून दिलं. रताळ्याच्या वेलाची लावण असो की आमच्या गल्लीचा गणपती, आता तिच्यावाचून काही होत नाही. मुलगीही झाली. बाप भारतीय आणि आई रीतसर व्हिसावर राहणारी, त्यामुळे मुलगी जन्मानंच भारतीय. आई मात्र अजून परदेशी.

भारतीय माणसाशी लग्न झालेल्यांसाठी नागरिकत्व कायद्यात कलम ५(१)(सी) आहे. सात वर्षं इथं राहिल्यावर नोंदणीचा अर्ज करता येतो. त्यातली मेख म्हणजे अर्जाच्या आधीचे बारा महिने सलग भारतात काढावे लागतात आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं भरावी लागतात. त्या सलग बारा महिन्यांतच तिच्या सख्ख्या भावाचं लग्न निघालं. ती गेली नाही. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे. इकडं दुपारची जेवणं उरकून माजघरात फोन गडव्याला टेकवून ठेवला आणि भावाची हळद तिनं तशी बघितली. मी शेजारी बसले होते. ती रडली नाही, पण त्या दिवशी ती कुणाशी फार बोललीही नाही.

मग अर्ज झाला. ऑनलाइन भरला, प्रती दिल्या, सह्या झाल्या. चौकशीला पोलीस घरी आले. ते कन्नडच बोलत होते, हिनं तोडक्या-मोडक्या कन्नडमध्ये उत्तरं दिली तर खूश झाले, चहा घेतला, शेजारी दोन घरी विचारून गेले. आम्हाला वाटलं, झालं आता. तेव्हापासून अर्जाच्या सरकारी पोर्टलवर स्थिती म्हणून तेच एक वाक्य आहे, बदलतच नाही. त्यानंतर दोन गणपती येऊन गेले.

लोक विचारतात, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड का घेत नाही? कायम राहता येतं, दरवेळी व्हिसा वाढवायची कटकट नाही. बरोबर आहे. पण ओसीआयवर मत देता येत नाही आणि शेतजमीन घेता येत नाही. दिरांना पुढंमागं जे काही घ्यायचंय ते दोघांच्या नावावर घ्यायचंय. आणि मताचं म्हणाल तर २०२४ च्या लोकसभेला आम्ही सगळे शाळेत मतदानाला गेलो, ही लेकीला कडेवर घेऊन गेटपर्यंत आली आणि तिथंच थांबली. लेकीनं घरी येऊन सगळ्यांची बोटं बघितली आणि आईच्या बोटाला शाई का नाही म्हणून विचारलं. त्यानंतर तिनं ओसीआयचा विषय स्वतःहून बंद केला. मला तिचं पटतं.

माझा प्रश्न कागदाचा कमी आणि माणसाचा जास्त आहे. मी पतसंस्थेत काम करते, कागदाला मी घाबरत नाही. पण या बाईचं काय करावं ते कळेना झालंय. सकाळी चूल पेटायच्या आधी ती पोर्टल उघडते. रात्री झोपायच्या आधी परत. पोस्टमनची सायकल गल्लीत दिसली की हातातलं टाकून दाराशी. दर वेळी व्हिसा वाढवायची तारीख जवळ आली की आठवडाभर तिला जेवण जात नाही, आणि प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर ठरलेलं, "सर्टिफिकेट आल्यावर बघू, अक्का." गाडी शिकायची होती, ते सर्टिफिकेट आल्यावर. कन्नडचा क्लास लावायचा होता, तोही नंतर. मुलीच्या पाठीवर दुसरं मूल हवंय दोघांना, तेसुद्धा नंतर.

आता तिच्या आईला अर्धांगाचा झटका आलाय. उजवा हात चालत नाही, बोलणं अडखळतं. जायला हवं, आणि ती जायला घाबरते. "मी तिकडं असताना नेमकं पत्र आलं तर? मी देश सोडला म्हणून अर्ज पडला तर?" दीर म्हणतात जा, सासरे म्हणतात थांब. सासरे एरवी फार प्रेमळ, पण त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "आम्ही सीमाभागातली माणसं १९५६ पासून थांबलोय, तुला दोन वर्षं जड झाली?" ते धीर द्यायला म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण सगळा भाग एकत्र थांबला होता, मोर्चे होते, घोषणा होत्या, शेजारी शेजाऱ्याला समजून घेत होता. ही एकटी थांबलीय. गावात दुसरं कुणी या रांगेत नाही. म्हणून इथं विचारतेय, तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? आईकडं जाऊन येण्यात खरंच धोका आहे का? आणि घरातल्यांनी कसं वागावं? विचारलं तर तिला टोचतं, नाही विचारलं तर तिला वाटतं आम्ही विसरलो.

खानापूरकर

ताई, माझी बायको नेपाळची. तिचं याच कलमाखाली झालं, आम्हीही भरपूर थांबलो.

आधी आईचं. जाऊबाईंना जाऊ द्या. सात वर्षांची मोजणी अर्जाच्या तारखेपासून मागं होते. ती अट त्यांनी पुरी केलीय, आता जाऊन आल्यानं मागची वर्षं पुसली जात नाहीत. जाण्याआधी एवढं करा: व्हिसावर परत येण्याची मुभा आहे ना आणि त्याची मुदत परतीच्या तारखेच्या पुढं आहे ना, ते बघा. अर्ज चालू आहे म्हणून व्हिसा आपोआप वाढत नाही, ही दोन वेगळी खाती आहेत. जाण्याची आणि येण्याची तारीख एका साध्या पत्रानं, फाइल नंबर घालून, अर्ज दिला तिथं कळवून ठेवा आणि पोच घ्या. पोर्टलवरचा ईमेल दिरांच्या फोनवर उघडा ठेवा, म्हणजे काही मागणी आली तर त्याच दिवशी कळेल.

समजा काही कारणानं उद्या नवीन अर्ज करायची वेळ आली, तर मात्र ते सलग बारा महिने परत मोजले जातात. तिथंही २०१५ च्या दुरुस्तीनं थोडी सवलत ठेवलीय. विशेष कारण असेल तर केंद्र सरकार त्या बारा महिन्यांत एकूण ३० दिवसांपर्यंतची गैरहजेरी माफ करू शकतं, तुकड्या-तुकड्यांत असली तरी. आईचं आजारपण हे कारण आहेच. तिकडच्या दवाखान्याचे कागद जपून आणायला सांगा.

आणखी एक, कळकळीनं सांगतो. कुणी कितीही सांगो, मॉरिशसचं नागरिकत्व आत्ता सोडू नका. आधी गृह मंत्रालयाचं स्वीकृतीचं पत्र येतं, मग जुनं नागरिकत्व सोडल्याचा दाखला द्यायचा, एकनिष्ठेची शपथ घ्यायची आणि मग प्रमाणपत्र. उलटं केलं तर माणूस कुठलाच राहत नाही. आमच्या ओळखीच्या एका एजंटानं हाच सल्ला दिला होता, आम्ही ऐकला नाही.

गाडीचं लायसन तर आजच काढायला लावा. त्याला नागरिकत्व लागत नाही. पासपोर्ट, चालू व्हिसा आणि इथल्या पत्त्याचा पुरावा यावर मिळतं. माझ्या बायकोनं त्याच काळात काढलं. स्वतःच्या गाडीवरून खानापूरच्या बाजारात जाऊन आली त्या दिवसापासून तिचा चेहरा बदलला.

निपाणीची_लेक

मी आता जर्मनीत असते आणि उलट्या बाजूच्या रांगेत आहे. इथलं मिळालं की भारताचं जाणार, कारण आपला कायदा दोन ठेवू देत नाही. त्यामुळं तुमच्या जाऊबाईंना मॉरिशस सोडताना काय वाटत असेल ते मी जाणते. तो देश त्यांना सोडायचाय आणि आई तिथंच आहे. त्या जे घाबरतायत त्यात हेही असणार. त्यांच्याशी एकदा फक्त यावर बोलून बघा, अर्जाचा विषय न काढता.

माझ्याकडं चाललेला उपाय सांगते. पोर्टल बघायचं काम मी नवऱ्यावर सोपवलं. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी संध्याकाळी, तो बघतो. काही नसेल तर तो काहीच बोलत नाही. मी पासवर्ड बदलून घेतला आणि मला सांगू नकोस म्हटलं. सुरुवातीला जीव वरखाली झाला, मग झोप लागायला लागली. घरच्यांनी "काय झालं?" विचारायचं बंद केलं. त्याऐवजी आई फोनवर "आज काय केलंस?" असं विचारते. त्याला रोज काहीतरी उत्तर असतं.

झोप-जेवण असंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. बेळगावात मानसोपचाराची चांगली सोय आहे. घर चांगलं असलं तरी डॉक्टर लागू शकतो.

जुना_महसूलवाला

ताई, महसूल खात्यात नोकरी झाली माझी. तेवढ्यापुरतं बोलतो.

२००९ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत अहवालासह अर्ज राज्य सरकारकडं पाठवायचा आणि राज्यानं ३० दिवसांत शिफारशीसह केंद्राकडं. मध्ये पोलीस आणि सुरक्षा यंत्रणांचे अहवाल येतात, वेळ तिथं जातो. पोर्टलवरचं वाक्य बदलत नाही म्हणजे फाइल हललीच नाही असं नाही. ती कुठल्या टप्प्यावर आहे हे आधी काढा. तुम्हाला आत्ता तेच माहीत नाही, आणि जाऊबाईंची निम्मी धास्ती त्यातूनच आलीय.

काढायचा रस्ता म्हणजे माहितीचा अधिकार. पण कलम ३ प्रमाणे तो हक्क नागरिकाला आहे, म्हणून अर्ज जाऊबाईंच्या नावानं नको, दिरांच्या नावानं करा. सोबत जाऊबाईंचं सहीचं संमतीपत्र आणि लग्नाचा दाखला जोडा, म्हणजे दुसऱ्याची खासगी माहिती म्हणून नाकारायला जागा कमी राहते. गुप्तचर अहवाल मागू नका, ते खातं कलम २४ नं कायद्याबाहेर ठेवलंय. एवढंच विचारा: फाइल कुठल्या तारखेला आली, कुठल्या तारखेला कुठं पाठवली, जावक क्रमांक काय. कर्नाटकात राज्याच्या कार्यालयाला लिहिताना अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत.

फाइल केंद्राकडं पोचलेली असेल आणि फार काळ तशीच असेल, तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट, म्हणजे कोर्टानं सरकारला आदेश द्यावा असा अर्ज, करता येतं. ठरावीक मुदतीत निर्णय द्या, एवढीच मागणी. रिट करायला नागरिक असावं लागत नाही. पण ते शेवटी. आधी तारखा हातात येऊ देत.

मूळ धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. रात्री जेवणं झाल्यावर सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. सासरे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, आईकडं जाऊन ये पोरी, फाइलचं आम्ही बघतो. पोर्टलचा पासवर्ड माझ्याकडं आलाय, शुक्रवार मीच बघणार. मॉरिशसचा विषय निघाला तेव्हा मात्र ती खूप वेळ बोलत राहिली. तिच्या आईनं अंगणात लावलेल्या लिचीच्या झाडापासून सगळं. निपाणीच्या ताई, तुम्ही म्हणालात ते अगदी खरं होतं.

तिकीट मुंबईहून बघतोय. व्हिसाची मुदत दिरांनी तपासली, पुरेशी आहे.

महसूलवाले काका, एकच शंका. माहितीचा अर्ज आम्ही मराठीत लिहिला तर चालेल का? दिरांचं कन्नड लिहिण्यापुरतं नाही.

जुना_महसूलवाला

मराठीत नको. कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं आहे, आणि आपल्याकडं ती कन्नड. भाषेवरून परत आला तर तुमचाच महिना जाईल. जिल्हा आणि राज्याला इंग्रजीत लिहा. गृह मंत्रालयाला ऑनलाइन करता येतो, तोही इंग्रजीत. मजकूर इथं टाका, नाव-नंबर झाकून. मी बघून देतो.