युरियाची स्वस्त गोणी मातीच्या मुळावर आली आहे का?

मुलुंडचा भातवाला

दिवाळीत कर्जत तालुक्यातल्या गावी जाऊन आलो. भात कापून झालं होतं आणि ओल आहे तोवर खाचरात वाल टाकायची घाई चालली होती. आमची दीड एकर भातजमीन चुलतभाऊ कसतो, मी मुलुंडला नोकरीत. पडवीत रिकाम्या गोण्या घडी घालून ठेवल्या होत्या, त्या सहज मोजल्या. युरियाच्या पाच. दुसऱ्या कुठल्याही खताची एकही नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे २०.७ किलो. पाच गोण्यांचं शंभर किलोंच्या वर झालं. सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ५० किलो पालाश (पोटॅशियम) सांगतात. आमच्या क्षेत्राला तीन गोण्या युरिया पुरला असता. स्फुरद आणि पालाश तर शून्य.

भावाला विचारलं, तर म्हणाला, "दादा, दोनशे सहासष्ट रुपयांत दुसरं काय येतं?"

त्याचं खोटं नाही. युरियातलं नत्र किलोला १३ रुपयांच्या आत पडतं. डीएपी या नत्र-स्फुरद दोन्ही देणाऱ्या खताची ५० किलोची गोणी १३५० रुपयांची. त्यातल्या ९ किलो नत्राची किंमत युरियाच्या भावाने वजा केली, तर २३ किलो स्फुरद किलोला ५० रुपयांच्या वर जातं. पालाश देणाऱ्या पोटॅशचीही तीच गत. २०१०मध्ये पोषणद्रव्यावर आधारित अनुदान आलं तेव्हा युरिया त्यातून बाहेर ठेवला, त्याचा भाव बांधलेलाच राहिला, आणि तिथून हा तोल पार ढळला. २०२२-२३मध्ये देशाचं खतांवरचं अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर गेलं. एवढा पैसा ओतून आपण शेतकऱ्याला काय शिकवतोय? पीक पिवळं दिसलं की युरिया फोक, म्हणजे वरून भिरकाव.

माझं मत स्पष्ट आहे. युरियाचा भाव टप्प्याटप्प्याने वाढू द्या आणि वाचलेलं अनुदान एकरामागे थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाका. मग तो शेणखत घेईल, पोटॅश घेईल, काय हवं ते घेईल. गोणी स्वस्त आहे तोवर मातीकडे कुणी बघणार नाही. विरोधी मतं जरूर मांडा, मला ती ऐकायची आहेत.

वाळव्याचा ऊस

मी सांगलीकडचा, सध्या घाटकोपरला. वडील अजून शेती बघतात. तुमच्या मताला माझा पूर्ण विरोध आहे.

पहिली गोष्ट, २६६ रुपये हा गोणीवर छापलेला भाव. हंगामात गोणी मिळते कशी, ते भावाला विचारलंत का? गेल्या जुलैत वडील दोन गोण्या आणायला गेले, तर दुकानदाराने सोबत कसल्याशा द्रावणाची बाटली गळ्यात मारली. नको म्हटलं तर युरिया संपलाय म्हणून सांगतात. याला लिंकिंग म्हणतात आणि गावातल्या पोरालाही हा शब्द माहीत आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एकरामागे पैसे खात्यात टाकायचे, ठीक. खातं कुणाचं? सातबारावर ज्याचं नाव आहे त्याचं. तुमच्या दीड एकराच्या सातबारावर कुणाचं नाव आहे, दादा? पैसे मुलुंडला जमा होणार आणि महाग झालेली गोणी कर्जतला तुमचा भाऊ विकत घेणार. मुंबईत अशी हजारो घरं आहेत, नाव इथे आणि घाम तिथे. तेलंगणाने २०१८मध्ये रयतु बंधूत एकरी चार हजार हंगामाला द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुळाने कसणाऱ्यांना त्यातून काही मिळालं नाही, हीच तर मोठी तक्रार होती.

गच्चीवरची बाग

किमतीवर एवढे भांडताय, पण मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून येणारा कस, गेलाय त्याचं काय? कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला की खत धरून ठेवायला मातीत काही उरत नाही. मी गोरेगावला राहते. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत २०१७पासून होतं, पालिकेने रोज १०० किलोंच्या वर कचरा करणाऱ्या सोसायट्यांना जागेवरच जिरवायला सांगितलं तेव्हापासून. आमचं खत झाडांना घालून उरतं. या शहरात रोज सहा हजार टनांच्या वर कचरा होतो आणि त्यातला मोठा भाग ओला असतो. तो कांजूरच्या कचराभूमीत नेऊन टाकण्यापेक्षा रायगड-ठाण्याच्या शेतात का जाऊ नये? शहरी कंपोस्टला टनामागे दीड हजार रुपये मदत द्यायचं धोरण केंद्राने २०१६मध्येच आणलं होतं.

खडकाळ रान

ताई, तुमच्या सोसायटीचं खत चांगलं असेल, त्याबद्दल वाद नाही. तुम्ही हाताने वेगळं करता. पण मी शहरी कंपोस्टची एक गाडी घेतली होती. कुणाकडून ते सांगत नाही. शेतात पसरल्यावर पहिल्या पावसात काचा वर आल्या. बॅटऱ्यांचे तुकडे, शाम्पूच्या पुड्या. त्या वर्षी चिखलणीला बाया अनवाणी उतरायला तयार नव्हत्या, आणि त्यांचंच बरोबर होतं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी शिसं किलोला १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. ती कागदावर. माझ्या बांधावर कोण मोजायला येतं?

आणि गणित बघा. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, म्हणजे टनाला पाच किलो. युरियाच्या एका गोणीची भरपाई करायला चार टन शेणखत लागतं, आणि त्यातलं सगळं नत्र पहिल्या वर्षी पिकाला मिळतही नाही. श्रीलंकेने २०२१मध्ये रासायनिक खतांवर एकदम बंदी घातली. काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली, तरी त्या हंगामात भाताचं उत्पादन कोसळलं.

गच्चीवरची बाग

मी युरिया बंद करा म्हटलेलं नाही. काचांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. वेगळा न केलेला कचरा शेतात जाताच कामा नये.

पण एक विचारते. आमच्या मागच्या तबेल्यात कर्जत-शहापूरकडून पेंढ्याच्या गाठी येतात. माती तिकडची, पेंढा तिकडचा. म्हशी खातात, शेण पडतं, आणि पावसाळ्यात ते नाल्यात वाहून जाताना मी स्वतः पाहिलंय. ते शेण परत तिकडे का जात नाही? पेंढा घेऊन आलेला टेम्पो रिकामा जातो.

दादरचा निवृत्त

मी आयुष्यभर मातीचे नमुने तपासले. प्रयोगशाळेचं नाव नको. गोरेगावच्या ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय.

भाताने जमिनीतून उचललेलं पालाश दाण्यात थोडं आणि पेंढ्यात बहुतेक सगळं असतं. एक टन पेंढा विकला की १५ किलोंच्या आसपास पालाश गाठीत बांधून गेलं. भातवाले, दीड एकराचा पेंढा तुम्ही विकता का? विकत असाल तर दर वर्षी पोटॅशची निदान एक गोणी मुंबईच्या तबेल्यात पोचते आणि तिच्या जागी काहीच येत नाही. पूर्वी दावणीला बैल होते, शेणकी (शेणाचा खड्डा) होती, राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, शेण आणि पातेरा होता. आता पॉवर टिलर आला. बैल गेले तसा हा फेराही तुटला.

आता नत्राचं. "युरियाने माती दगड होते" असं सर्रास बोललं जातं, ते तितकंसं खरं नाही. माती घट्ट होते ती सेंद्रिय पदार्थ गेल्याने आणि दर वर्षी चिखलणी केल्याने. युरिया अनेक वर्षं जास्त वापरला तर आम्लता वाढते, आणि कोकणची जांभी माती मुळातच आम्ल. खरा तोटा निराळा आहे. साचलेल्या पाण्यात युरिया फोकला की त्याचा अमोनिया होतो. दुपारी पाण्यातल्या शेवाळामुळे पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि अमोनिया हवेत उडतो. उरलेल्याचं नायट्रेट होतं, ते पावसाच्या पाण्याबरोबर बांधावरून वाहून जातं किंवा खाली चिखलात हवा नसलेल्या थरात गेलं की वायू होऊन निघून जातं. फोकलेल्या नत्रातलं निम्मंसुद्धा भाताला मिळत नाही. भाऊ पाच गोण्या टाकतो तो मूर्ख म्हणून नव्हे. तीन टाकून पीक पिवळं पडलेलं त्याने पाहिलं असणार.

म्हणून भाव वाढवून काम होणार नाही. खत कुठे पडतं ते बदलायला हवं. कोकणात यावर चारसूत्री लागवड आहे, डॉ. नारायण सावंत यांनी घालून दिलेली. तूस-पेंढ्याची राख किंवा पेंढा जमिनीत परत, गिरिपुष्पाचा पाला चिखलात, १५ आणि २५ सेंटीमीटर अशी आलटून पालटून नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटीमीटर खोल. तिथे हवा नसते, नत्र अमोनियमच्या रूपात चिकणमातीला धरून राहतं आणि मुळं ते हळूहळू उचलतात. फोकायचं नाही, दुसरा-तिसरा हप्ताही नाही.

एक वाचक

मग नॅनो युरिया का नको? फवारला की थेट पानात.

दादरचा निवृत्त

२०२१मध्ये आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र होतं. म्हणजे २० ग्रॅम. गोणीत २० किलो. पुढे टक्का वाढवला, तरी हिशेब किलोच्या जवळपास जात नाही. फवारणीचा उपयोग असेल तेवढा असो, ती गोणीच्या जागी बसत नाही.

वाळव्याचा ऊस

काका, गोळ्यांचं ऐकायला छान वाटतं, पण मजुरी बोला. ४० बाय ४० सेंटीमीटरला एक गोळी, म्हणजे एकराला २५ हजार गोळ्या. २५ हजार वेळा वाकायचं, तेही आषाढात, लावणीला माणूस मिळत नाही त्या दिवसांत. युरिया फोकायला एक माणूस आणि तासभर पुरतो. भाऊ फोकतो ते यासाठीही.

आमच्याकडचं तर तुमच्या हिशेबातच नाही. कृष्णाकाठच्या जमिनी क्षारपड झाल्या, त्या पाटाने मोकाट पाणी दिल्याने आणि निचरा नसल्याने. क्षार वर आले की पाहिजे तेवढं खत घाला, मुळं उचलतच नाहीत. तिथे आधी जमिनीखालून निचऱ्याच्या सच्छिद्र नळ्या टाकाव्या लागतात आणि तो खर्च एकट्याला झेपत नाही. आम्ही उसाचं पाचट (वाळलेला पाला) जाळणं मात्र बंद केलंय. हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडतं. सरीत दाबून वर थोडा युरिया, थोडं सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणूखत टाकतो. तो युरिया नसेल तर पाचट कुजताना जमिनीतलं नत्र जिवाणूच खातात आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचा पुन्हा फुटलेला फुटवा, पिवळा पडतो. म्हणजे कर्ब वाढवायलाही युरियाच लागतो. तो महाग करून कर्ब कसा वाढणार?

मुलुंडचा भातवाला

दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण सातबाऱ्याचा प्रश्न लागला. नाव माझंच आहे. वडिलांच्या पश्चात वारस म्हणून चढलं. केंद्राच्या शेतकरी सन्मान निधीचा अर्ज मी केला नाही, पण भावालाही तो मिळत नाही, कारण त्याच्या नावावर या जमिनीतलं काही नाही. एकरामागे पैसे द्या म्हणताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जमिनीच्या कागदावरून पैसे वाटायचा माझा मुद्दा मी मागे घेतो.

पण किमतीचा मुद्दा सोडत नाही. युरियाचं नत्र १३ रुपये आणि स्फुरद ५० रुपये किलो असेल, तर माणूस कितीही शहाणा असला तरी हात युरियाकडेच जाणार. युरिया महाग करायचा नसेल तर स्फुरद-पालाश तेवढं खाली आणा. आजचं अंतर चुकीचंच आहे.

पेंढा आम्ही विकतो, काका. सगळा. गोरेगावलाच जातो तो, ताई, कदाचित तुमच्याच मागे.

खडकाळ रान

माती आरोग्य पत्रिका काढली आहे का? २०१५पासून सगळ्यांना देतायत.

मुलुंडचा भातवाला

भावाकडे आहे. तिच्यात पालाश "मध्यम" लिहिलंय.

दादरचा निवृत्त

ती तुमच्या खाचराची नसेल. कोरडवाहू भागात दहा हेक्टरला एक नमुना घ्यायची पद्धत होती, बागायतीत अडीच हेक्टरला. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. त्यात तुमचं दीड एकर कुठे आलं? तो नमुना वरकस (उताराच्या हलक्या) जमिनीतून घेतला की खाचरातून, हेही कळायला मार्ग नाही. तुमचा नमुना तुम्ही घ्या. वाल निघाल्यावर, पावसाआधी.

वाळव्याचा ऊस

आणि गोळ्यांच्या मजुरीचं काय ठरलं?

मुलुंडचा भातवाला

काल रात्री भावाशी बोललो. तो म्हणाला, सगळ्यात नको, खालच्या खाचरात करून बघू, तिथून पाणी सगळ्यात जास्त वाहून जातं. अर्धा एकर आहे, साडेबारा हजार गोळ्या. मजुरी माझी, आणि लावणीला चार दिवस रजा टाकून मी स्वतः जाणार. उरलेल्या एकरात तो त्याच्या पद्धतीने करेल, फक्त दोनच गोण्या आणि हप्ते पाडून. निम्मा पेंढा यंदा विकायचा नाही असंही ठरलं. त्याच्या बुडालेल्या पैशाची भरपाई मी देतोय. गोरेगावच्या ताई, त्या तबेल्याशी एकदा बोलाल का? टेम्पोचं भाडं आम्ही भरू.

मातीचा नमुना एप्रिलमध्ये घेतो. तीन खाचरं, तीन पिशव्या. फावडं घरात आहेच.

गच्चीवरची बाग

रविवारी जाऊन विचारते. शेण ओलं नेऊ नका, टेम्पोवाला घेणार नाही. वाळवून ठेवायला जागा आहे का तेही विचारते.

दादरचा निवृत्त

लोखंडी फावडं नको, लोह-जस्त तपासायचं असेल तर आकडे चुकतील. लाकडी खुंटीने इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करा आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. एका खाचरातून आठ-दहा ठिकाणची घ्या, बांधाजवळची आणि झाडाखालची सोडून. सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, अर्धा किलो उरेपर्यंत. आणि खताच्या रिकाम्या गोणीवर माती पसरू नका. माझ्याकडे आलेले कितीतरी नमुने त्यानेच वाया गेले.