नाताळाचे कार्यक्रम २५ तारखेनंतर ठेवले तर काय बिघडेल?

वाडीवरचा (वसई): आमच्याकडे डिसेंबर उजाडला की नाताळ लागतो. चांदण्या, कॅरोल, केक, समूहाचे कार्यक्रम. २५ ला दुपारची जेवणं झाली की सगळं थंड, आणि कुणीकुणी २६ लाच येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा आवरायला घेतो. चर्चच्या दिनदर्शिकेत तर नाताळ तिथून सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे वाट पाहण्याचे. म्हणून फादरांचा झगा जांभळा, म्हणून त्या रविवारी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ग्लोरिया हे स्तुतिगीत नाही. नाताळच्या रात्री तो घंटांसोबत पुन्हा सुरू होतो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो, तो चार आठवड्यांच्या उपासामुळेच. भूक लागायच्या आतच ताट वाढलं तर मनाची तयारी कधी करायची?

घरची आघाडी: दादा, तयारी म्हणजे नुसतं शांत बसणं का? नेवऱ्या, कलकल, दोदोल हा नाताळचा फराळ २५ ला सकाळी आपोआप होत नाही. माझ्या सासूबाई नेवऱ्यांना मुरड घालताना पवित्र माळ, म्हणजे मरियेची जपमाळ, म्हणायच्या. सारणाने बोटं चिकट, म्हणून मणी हातात नसायचे, मुरडी मोजायच्या. कुठल्या घरी या वर्षी माणूस गेलंय, तिथला डबा आधी भरायच्या. त्यांचं हृदय तयार नव्हतं असं मला कुणी सांगू नये. घर सजवणाऱ्यांना कमी लेखणं मला पटत नाही.

नगरकर: मी प्रोटेस्टंट. आमच्या मंडळीत जांभळ्या-गुलाबी रंगांचं एवढं नाही. पण तुम्ही आगमनकाळात लावता त्या मेणबत्त्यांच्या चक्राची सुरुवात १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या योहान विखर्न या प्रोटेस्टंट धर्मपंडिताने केली. त्यांच्या आश्रमातली गरीब मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणून गाडीच्या जुन्या चाकावर रोज एक मेणबत्ती. तेव्हा वाट पाहायला शिकवावं लागतं, इथवर वाडीवरच्यांशी सहमत. पुढे नाही. तारीख बदलून मन बदलत नाही. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो उपासाचं बोलत नाही. दोन अंगरखे असतील तर एक द्या, जकातदारांनी ठरल्याहून जास्त घेऊ नये, शिपायांनी कुणाला लुबाडू नये. सगळं व्यवहारातलं. हे करायला कार्यक्रम पुढे ढकलावा लागत नाही.

वाडीवरचा: आघाडीताई, नेवऱ्यांबद्दल माझं चुकलं. स्वयंपाकघर मी धरलंच नव्हतं. पण नगरकर, व्यवहारातलं दिसायलाही थांबावं लागतं. विहिरीच्या मोटरवरून मी आणि माझा धाकटा भाऊ सहा वर्षं बोलत नव्हतो. दरवर्षी फादरांपुढे पापनिवेदन, म्हणजे पापांची कबुली, करायचो आणि ती गोष्ट गाळायचो. गेल्या आगमनकाळात मी गाण्याच्या सरावाला नाही म्हटलं. संध्याकाळी घरात आवाज नव्हता, तेव्हा त्याची मोटर सुरू झालेली ऐकू यायची. आठवडाभर ऐकली. मग पापनिवेदनाच्या रांगेतून बाहेर पडलो आणि त्याच्या दारात गेलो. त्याने आत बोलावलं नाही. पण दारही लावलं नाही, ओट्यावर दहा मिनिटं उभे राहिलो. सरावाच्या गडबडीत हे झालं नसतं.

नगरकर: हे वाचून गप्प झालो. तरी सांगतो, ती शांतता तुम्हाला देवाने दिली, पॅरिशच्या, म्हणजे तुमच्या गावच्या चर्चच्या, वेळापत्रकाने नव्हे. नियम केलात की ज्यांना आत काही ऐकूच येत नाही तेही गप्प बसतील आणि तयारी झाली म्हणतील.

पाळीवाली नर्स: मला नियम हवा. आमच्या पाळ्यांमध्ये चौथा रविवार बहुतेकदा जातोच. २०२३ मध्ये तर तो २४ डिसेंबरलाच आला, सकाळी आगमनकाळ आणि रात्री नाताळ. निदान १६ पर्यंत तरी कार्यक्रम नकोत. १७ पासून चर्चची प्रार्थनाही बाळाच्या जन्माकडे वळते, तेव्हा कॅरोल लावा. आधीचे दिवस प्रभू जगाच्या शेवटी पुन्हा येणार त्याची वाट पाहण्याचे असतात, त्याबद्दल तर आपण बोलतच नाही.

घरची आघाडी: १७ चं मला चालेल. कॅरोल मात्र मुलांना डिसेंबरभर गाऊ द्या, तो आनंद मी काढून घेणार नाही. आणि वाडीवरच्या दादा, यंदा पहिला डबा भावाकडे न्या. स्टीलचा न्या, प्लास्टिकचा नको. स्टीलचा डबा परत करावाच लागतो, आणि तोही कुणी रिकामा देत नाही, म्हणजे त्याला तुमच्या दारी यावंच लागेल.