चित्रकाराचा 'स्टुडिओ': कार्यशाळा, चित्रशाळा की कारखाना?

रेघोटी: एका चित्रकाराचा स्टुडिओ बघायला जायचा कार्यक्रम होता, निमंत्रणाचं मराठी माझ्याकडे. मी लिहिलं, 'चित्रकाराच्या कार्यशाळेस भेट'. रविवारी तिघीजणी रंगपेट्या आणि जेवणाचे डबे घेऊन हजर! एकीने विचारलं, प्रमाणपत्र मिळेल ना? पुढच्या भेटीचा मजकूर परवा द्यायचाय. काय लिहू? 'कलाकक्ष' नको, दवाखान्यातला वाटतो.

सदाशिवपेठी: दोष तुमचा नाही. कार्यशाळा 'भरायला' लागल्यापासून ती जागा उरलीच नाही, चहा-बिस्किटांसकट कार्यक्रम झाली. सरळ 'चित्रशाळा' लिहा.

ओसरी: अहो, पुण्यात चित्रशाळा म्हणजे छापखाना! १८७८ सालचा, चिपळूणकरांचा. आजीच्या देवघरात त्यांचंच रामपंचायतन होतं.

मांडवीकाठ: आमच्याकडे गोव्यात चित्रशाळा अजून चालू आहे, पण गणपतीची. चवथीआधी घरचा पाट नेऊन द्यायचा, त्यावर मूर्ती बसते. तुमचं निमंत्रण वाचून आमची आई पाट घेऊन येईल.

पेणकर: पेणला त्यालाच कारखाना म्हणतात. वॉरहॉलने न्यूयॉर्कमध्ये आपल्या स्टुडिओला 'फॅक्टरी' म्हटलं तर केवढं कौतुक, आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच म्हणतायत.

सदाशिवपेठी: कारखाना फारसी आहे.

पेणकर: कागदही. भूर्जपत्रावर रंगवायचं का?

जेजेची डाँकी: चित्रकार स्वतः काय म्हणतात ते कुणी विचारेल का? स्टुडिओ. 'संध्याकाळी स्टुडिओवर ये', एवढंच. 'स्टुडिओत' नाही हं, 'स्टुडिओवर', साइटवर म्हणतात तसं. अतुल डोडियांचा घाटकोपरचा स्टुडिओही स्टुडिओच. त्यांनी दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं केली, शटर वर गेलं की मागे दुसरं चित्र. आता त्या शटरलाही शुद्ध करणार?

सदाशिवपेठी: स्टुडिओचं मूळ 'स्थंडिल' असावं. यज्ञाची तयार केलेली जागा. ध्वनी बघा.

जेजेची डाँकी: काहीही! इटालियन शब्द आहे, अभ्यासाची खोली. त्यापेक्षा फ्रेंचांचा 'आतेलिए' मला खरा वाटतो, तो लाकडाच्या ढलप्यांवरून आलाय. पायाखाली कचरा, टर्पेंटाईनचा वास, भिंतीला तोंड करून ठेवलेले कॅनव्हास. अभ्यासाची खोली अशी नसते.

ओसरी: मला तर स्टुडिओ म्हटलं की मागे रंगवलेला पडदा आणि लग्नानंतरचा जोडफोटो. वडील मात्र फक्त प्रभातला स्टुडिओ म्हणत.

रेघोटी: म्हणजे 'स्टुडिओभेट' चालेल? की 'चित्रकाराकडे, काम चालू असताना'?

सदाशिवपेठी: भेट स्टुडिओची की चित्रकाराची? समास सोडवून दाखवा.

मांडवीकाठ: पेणकर, पाटाची पद्धत तुमच्याकडे नाही का? आमची मूर्ती चिकणमातीची असते.

पेणकर: आमची शाडूची. चिकणमाती वाळली की तडकते.

मांडवीकाठ: आमची नाही तडकत. आणि तुमची शाडू येते गुजरातेतून, तेव्हा पेणचं काय ते सांगा.