'फेअरी'ला परी म्हणायचं नाही, तर मग काय म्हणायचं?

कंदील_विझव (प्रश्न)

रोज रात्री झोपण्याआधी वीस मिनिटं मुलांना वाचून दाखवायचं, हा आमच्याकडचा नेम. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. सध्या 'स्पायडरविक क्रॉनिकल्स' चालू आहे. पुस्तक इंग्रजीत, आणि धाकट्याला इंग्रजी अजून पुरत नाही. त्यामुळे डोळे इंग्रजीवर आणि तोंडात मराठी, अशी माझी कसरत चालते. बऱ्याच वेळा जमते. या वेळी दुसऱ्या प्रकरणातच पाय अडकला.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हॉली ब्लॅक आणि टोनी डिटर्लिझी यांची पाच छोटी पुस्तकं, 2003 आणि 2004 या दोन वर्षांत आलेली. चित्रं डिटर्लिझीची. ग्रेस कुटुंबातली तीन भावंडं. मॅलरी तेरा वर्षांची, तलवारबाजी शिकणारी. जॅरेड आणि सायमन हे नऊ वर्षांचे जुळे. आईवडील वेगळे झालेत आणि आई मुलांना घेऊन एका पडक्या, जुन्या, नातेवाइकांच्या घरात राहायला आली आहे. भिंतीच्या आतून खुडबुड ऐकू येते. खार असेल म्हणून भिंत फोडतात, तर आत कुणाचा तरी संसार. मेलेल्या झुरळांची माळ टांगलेली, हातपाय वितळलेले शिशाचे सैनिक पडलेले. मुलं ते सगळं झाडून काढतात आणि तिथून रामायण सुरू होतं.

तर 'फेअरी' हा शब्द आला आणि मी सवयीने 'परी' म्हणून मोकळा झालो. दोन रात्री निभावलं. तिसऱ्या रात्री मॅलरी उठते तर तिचे केस पलंगाला गाठी मारून बांधलेले. आमच्या कन्येने लगेच धरलं. "परीने? परी असं कशाला करेल? बाबा, तुम्ही नीट वाचत नाही आहात."

दुसऱ्या दिवशी मी हुशारी करून 'पिशाच्च' म्हणालो. त्याचा परिणाम असा की धाकटा रात्री दोन वाजता उशी घेऊन माझ्या पांघरुणात.

तेव्हा जाणकारांनी सांगा. ब्राउनी, बोगार्ट, गॉब्लिन, ट्रोल या गोष्टीतल्या अदृश्य जीवांना मराठीत काय म्हणता? भिंतीत राहणारा तो ब्राउनी, थिंबलटॅक, यमकात बोलतो, त्याचं काय करता? माझी यमकं 'गेला-मेला'च्या पुढे जात नाहीत. आणि शेवटचं: दुसऱ्या पुस्तकात मांजराचं जे होतं ते मी पुढे चाळून पाहिलंय. सहा वर्षांच्या मुलाला ते सांगायचं की गाळायचं?

---

जुनी_चावडी

एवढा काथ्याकूट कशाला? आपल्या भाषेत भुतांचा तुटवडा कधीपासून पडला? ब्राउनी म्हणजे देवचार. पुलाखालचा ट्रोल म्हणजे झोटिंग. गॉब्लिन म्हणजे मुंजे. या जीवांची वही लिहिणाऱ्या आर्थरला पळवून नेणारे एल्फ म्हणजे चकवा. झालं. मुलांना आपले शब्दही कळतील.

---

पानगळ

चावडीकर, मोह मलाही झाला होता. भाचीला हीच मालिका वाचून दाखवताना मी पहिल्या आठवड्यात नेमकं हेच केलं आणि तोंडघशी पडले. भाची म्हणाली, "मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि लग्नाआधी मेलेला मुलगा ना? मग सायमनला ओढून नेणारे एवढे सगळे मुंजे कुणाचे?" काय उत्तर देणार! मराठीत बहुतेक भूत म्हटलं की आधी कुणीतरी मेलेलं असावं लागतं. त्याला एक पूर्वायुष्य असतं, काहीतरी राहून गेलेलं असतं. ब्राउनी आणि गॉब्लिन यांचं तसं काही नाही. ते मेलेले नाहीत, त्यांना मुक्ती नकोय, त्यांची इच्छा राहिलेली नाही. ते आपल्यासारखेच जिवंत आहेत, फक्त आपल्याला दिसत नाहीत. सगळी मालिका या एका गोष्टीवर उभी आहे. आर्थर स्पायडरविकने त्यांची वही कशी केली आहे बघा: पक्षीनिरीक्षक करतो तशी, मापं, सवयी, खाणं, चित्रं. भुतांची अशी वही होत नाही.

मी शेवटी जे केलं ते सांगते. ब्राउनीला ब्राउनीच ठेवलं, बोगार्टला बोगार्ट. मुलं दोनशे डायनोसॉरांची नावं पाठ करतात, त्यांना हे चार शब्द जड नाहीत. पण शब्द पहिल्यांदा आला की एक वाक्य जोडायचं, आणि ते वाक्य त्या प्राण्याच्या नियमाचं हवं, दिसण्याचं नको. म्हणजे असं: ब्राउनी घरात लपून राहतो, रात्री कामं करतो, बदल्यात त्याला वाटीभर दूध पुरतं. त्याचा अपमान केला की तोच बोगार्ट होतो आणि छळायला लागतो. एवढं एकदा कळलं की केस का बांधले हे मुलं आपणहून सांगतात. त्याचं घर मोडलंय!

स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या लोककथांतही ब्राउनी असाच आहे. तिथला आणखी एक नियम मला फार आवडतो. त्याला दूध द्या, साय द्या, पण कपडे देऊ नका. कपडे दिले की तो घर सोडून जातो. कुठे म्हणतात आनंदाने जातो, कुठे म्हणतात मजुरी दिली म्हणून रुसून जातो.

आता 'फेअरी'. परी नकोच, तुमची मुलगी बरोबर आहे. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये जुनी माणसं त्यांचं नाव घेत नसत. नाव घेतलं तर ऐकतील आणि येतील, म्हणून 'भले लोक', 'भले शेजारी' असं म्हणायचे. भले होते म्हणून नव्हे, बिथरू नयेत म्हणून. हे आपल्याला परकं नाही. रात्री सापाला साप न म्हणता लांबडं म्हणतात, त्यातलाच प्रकार. म्हणून मी 'भली मंडळी' केलं. 'मंडळी'त आदर आहे, थोडा खवचटपणा आहे आणि किती जण आहेत ते कळत नाही. "जॅरेडला कळलं की घरात भली मंडळी आहेत", असं आवाज खाली आणून वाचून बघा.

थोडं विषयांतर होतंय, पण आर्थर हे पात्र पूर्ण हवेतलं नाही असं मला वाटत राहतं. रॉबर्ट कर्क नावाचा एक स्कॉटिश पाद्री होता, अॅबरफॉइल गावचा. त्याने 1691-92 च्या सुमारास या मंडळींवर गंभीरपणे एक हस्तलिखित लिहिलं. ती कुठे राहतात, काय खातात, कुणाला दिसतात, सगळं. ते छापलं गेलं थेट 1815 मध्ये. कर्क 1692 मध्ये गावाजवळच्या टेकडीवर कोसळून वारला आणि लोक म्हणू लागले की तो मेला नाही, गुपित फोडलं म्हणून त्यांनीच त्याला आत नेला. वही लिहिणारा माणूस आणि वहीपायी त्याला घेऊन जाणारे ते. लेखकांच्या डोक्यात कर्क होता का, हा मुद्दाच वेगळा. मला पुस्तक वाचताना तो आठवतो एवढंच.

यमकांचं म्हणाल तर शब्दशः जाऊ नका. थिंबलटॅक रागावलाय की घाबरलाय तेवढं पकडा आणि आपलं रचा. मी भिंतीच्या प्रसंगानंतर हे घातलं होतं:

भिंत फोडलीत, घर मोडलंत,
बघा आता कुणाशी वैर जोडलंत!

ग्रेट नाही, पण भाची ते महिनाभर फ्रिजच्या दाराआडून म्हणत होती.

खरी कसोटी पुढे आहे, त्या कोड्याची. गुप्त वाचनालयात जॅरेडला एक कवितेचं कोडं सापडतं. त्यात माणसाच्या धडात शोध असं सुचवलंय, कारण इंग्रजीत छातीला आणि मोठ्या पेटीला एकच शब्द, चेस्ट. शिवाय खरं-खोटं एकच असल्याचा इशारा आहे, कारण पेटीला खोटा तळ आहे. तुम्ही 'छाती' म्हणालात की कोडं मेलं. मी दोन दिवस अडले होते, मग कांदा चिरताना सुचलं: कोठा! पोटाचाही कोठा आणि सामानाचाही कोठा. "माणसाच्या कोठ्यात शोध." आणि खोट्या तळासाठी "चोर आणि साव एकच निघाला तर", कारण आपल्याकडे त्याला चोरकप्पाच म्हणतात. पेटीऐवजी कोठी म्हणावं लागतं, पण चालतं. भाचीने 'चोर' ऐकून तीन सेकंदांत चोरकप्पा ओळखला. जॅरेडच्या आधी.

---

आत्याबाई_पुढच्या

मांजराचं सांगून टाका. गाळलंत तर पुढच्या तीन पुस्तकांत धाकटा विचारत राहील, टिब्स कधी येणार म्हणून. मी माझ्या मुलाच्या वेळी "ते दुसऱ्या घरी राहायला गेलं" असं ठोकून दिलं आणि पाचव्या पुस्तकापर्यंत तो त्या मांजराची वाट बघत होता. शेवट संपल्यावर मला म्हणाला, "लेखक विसरले." बिचारे लेखक.

सांगताना पसारा मात्र करू नका. गॉब्लिनांनी मांजर खाल्लं, सायमनला खूप वाईट वाटलं, पान उलटा. सायमन लगेच जखमी ग्रिफिनच्या (अर्धा गरुड, अर्धा सिंह) मागे लागतो, मुलंही त्याच्या मागे जातात.

आमच्याकडे भीती वेगळ्याच ठिकाणी वाटली. गॉब्लिनांचे दात मुलाला भयंकर आवडले. ते बिनदाताचे जन्मतात आणि काचेचे तुकडे, दगड, जे मिळेल ते हिरड्यांत खोचतात. याने पेन्सिलीचं टोक ओठाखाली धरून आठवडाभर आम्हाला दाखवलं. पण जॅरेडला प्रत्येक वेळी खोटं ठरवतात, घरात काही बिघडलं की आई त्याच्याकडे बघते, ते त्याला सोसवेना. वडील लांब गेलेत, शाळेत मारामारी झाली आहे, म्हणून हाच करत असणार, असं सगळे धरून चालतात. एका रात्री मुलगा उठून बसला, "पण आईने एकदा तरी विचारायचं ना?" त्या रात्री पुस्तक मिटून आम्ही दुसऱ्याच विषयावर बोललो. तेव्हा वीस मिनिटांत पाच-सात मिनिटं शिल्लक ठेवा.

आणि आर्थरच्या मुलीच्या, लुसिंडा आजीच्या प्रकरणात घाई नको. तिने लहानपणी त्या मंडळींचं फळ खाल्लं आणि नंतर माणसाचं अन्न तिला गोडच लागेना, हे मला वाचतानाही गलबलून आलं.

---

खडूस_वाचक

दोन तक्रारी. एक, ही पाच पुस्तकं नाहीतच. एकाच पुस्तकाचे पाच तुकडे आहेत, प्रत्येक जेमतेम शंभराच्या वर पानांचा. दुसरा तुकडा संपवून थांबलात तर घास तोंडात आणि ताट उचललेलं. पाचही हाताशी असतील तरच सुरू करा. दोन, चित्रपट आधी दाखवू नका. 2008 चा आहे, पाचही पुस्तकं एकात कोंबलेली. बुटके आणि त्यांचे यांत्रिक कुत्रे गायब, म्हणजे चौथ्या पुस्तकाचा जीवच गेला. फ्रेडी हायमोर एकटाच दोन्ही जुळे झालाय, ते मात्र झकास.

यानंतर 2007 ते 2009 मध्ये आणखी तीन पुस्तकं आली, फ्लोरिडातल्या दुसऱ्याच मुलांची. मला ती पातळ वाटली.

हॉगस्क्वीलचं कुणी बोललं नाही! तो हॉबगॉब्लिन मुलांच्या डोळ्यांत थुंकतो आणि त्यांना सगळं अदृश्य दिसायला लागतं. शिवाय दर वाक्याला नवी शिवी. मराठीत वाचणाऱ्याला याहून मोठी मेजवानी नाही. ठोंब्या, टोणग्या, शेंदाडशिपाई, नंदीबैल, एकही पुन्हा वापरू नका. यमकं नाही जमली तर नाही जमली, इथे भरपाई करून घ्या.

---

कंदील_विझव

सगळ्यांचे आभार. अहवाल देतो.

'भली मंडळी' चाललं. मोठीने पहिल्याच रात्री विचारलं, "भली आहेत तर मग हळू आवाजात का बोलताय?" मी म्हटलं, ऐकतील म्हणून. ती एकदम गप्प. इतकी गप्प ती शाळेतही नसते.

जुनी_चावडी, राग मानू नका, तुमचे झोटिंग मी पुलाखालच्या ट्रोलसाठी एकदा वापरून पाहिले. धाकटा म्हणाला, "झोटिंग? ते काय असतं?" म्हणजे आपले शब्दही त्याला परकेच. त्याचं काय करायचं ते वेगळं बघतो.

कोठ्याचं कोडं जसंच्या तसं ढापलं. मोठीला चोरकप्पा लगेच सुचला. धाकट्याने मात्र स्वतःच्या पोटावर हात ठेवून चोर आत आहे का ते विचारलं. मांजराचं सांगितलं. दोघं मिनिटभर गप्प बसले, मग "ग्रिफिन काय खातो?" यावर वाद.

घोळ झाला तो पानगळ यांच्या कपड्यांच्या नियमाचा. तो मी जेवताना सहज सांगून टाकला आणि मुलगी पांढरी पडली. झालं होतं असं की जॅरेड थिंबलटॅकला लाकडी पक्षीघरातून नवीन घर करून देतो, ते वाचून दोघांनी बुटांच्या खोक्याचं घर करून कपाटामागे ठेवलं होतं. आत बाटलीच्या झाकणात दूध, रुमालाची गादी. आणि बाईसाहेबांनी थंडी वाजू नये म्हणून बाहुलीचा लाल स्वेटर घडी करून ठेवलेला. चार दिवसांपूर्वी! "म्हणजे तो गेला असेल? माझ्यामुळे?" धाकटा रडायच्या बेतात.

टॉर्च घेऊन तिघं कपाटामागे. झाकणातलं दूध वाळून पिवळी कड धरलेली, मुंग्यांची रांग, रुमाल जागच्या जागी. स्वेटर नाही.

मी घेतलेला नाही. बायको म्हणते तिनेही नाही. धाकटा त्या दिवसापासून जरा जास्तच शहाण्यासारखा वागतोय. पण जॅरेडची गोष्ट चालू असताना मी त्याला कुठल्या तोंडाने विचारू?

आज तिसरं पुस्तक.