शिकागोचा जनावरांचा बाजार बंद पडला, त्यात शेतकऱ्याचं काय गेलं?

माणदेशी

शिकागोच्या युनियन स्टॉकयार्ड या जनावरांच्या मोठ्या आवाराबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक रक्त, दुर्गंधी आणि कामगारांचे हाल यांबद्दल. ते खरंच आहे. पण कत्तलखान्यांच्या आधी तिथे बाजार होता, याचा विसर पडतो. माझं मत स्पष्ट आहे. 30 जुलै 1971 ला तो बाजार बंद झाला तेव्हा तिथल्या लहान पशुपालकाचं जे गेलं, ते पुढे कुठल्याही कायद्याने भरून निघालेलं नाही.

आधी शिकागोत जनावरांचे लहान लहान बाजार शहरभर विखुरलेले होते. एका स्टेशनावर उतरलेली गुरं दुसऱ्या बाजारात न्यायची तर भर रस्त्यातून हाकत न्यावी लागत. शेवटी नऊ रेल्वे कंपन्या एकत्र आल्या, शहराच्या दक्षिणेला 320 एकर दलदल विकत घेतली, पाण्याचा निचरा केला आणि 25 डिसेंबर 1865 ला एकच मोठा बाजार उघडला.

माल उतरला की अडत्याच्या ताब्यात जाई. तो जनावरांना चारापाणी करून लाकडी कठड्यांच्या वाड्यात उभी करी. खरेदीदार घोड्यावरून वाड्यांमधल्या गल्ल्यांत फिरत, वरूनच पाठ, पुठ्ठे न्याहाळत आणि भाव बोलत. अडत्याने मान हलवली की सौदा पक्का, कागद नाही की सही नाही. मग जनावरं काट्यावर. काट्याआधी पाणी किती प्यायली यावरही वजन हले, आणि हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक असे. एका वाड्यात फुटलेला भाव शेजारी कळे आणि तारेने दूरदूरच्या गावांत पोचे. आयोवातल्या शेतकऱ्याला गाडी भरण्याआधी आज काय चाललंय याचा अंदाज असे. मी म्हणतो ते हेच गेलं.

इलिनॉयकर

चित्र छान आहे, पण घोड्यावर बसलेला तो खरेदीदार कुणाचा माणूस होता ते लिहा की. आर्मर, स्विफ्ट, मॉरिस, विल्सन, कडही. मांसाचे कारखाने चालवणारी पाच घरं. वाडे हजारो असतील, पण गिऱ्हाईक मोजकं. एकमेकांवर बोली चढवायची नाही असं त्यांचं आपसांत ठरलेलं असे, हा आरोप अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1905 मध्ये निकाल स्विफ्टच्या विरोधात लागला. तरी सुधारणा नाहीच. कित्येक शहरांतल्या बाजारांमध्ये याच कंपन्यांची भागीदारी होती. ती सोडण्याचं 1920 मध्ये सरकारशी तडजोड करून कबूल करावं लागलं आणि 1921 मध्ये मांस कंपन्यांवर आणि जनावरांच्या बाजारांवर अंकुश ठेवणारा पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स कायदा आला. बाजार शेतकऱ्याचा असता तर हा कायदा लागला असता का?

शिवाय खर्च बघा. जनावर उतरलं की जागाभाडं सुरू. चारा यार्ड कंपनीकडूनच घ्यायचा, तिच्याच दराने. वर अडत. भाव पटला नाही तर माल परत न्यायला पुन्हा रेल्वेचं भाडं. शेतकरी तिथे पोचला की अडकलाच. उघडा भाव म्हणजे रास्त भाव नव्हे.

नदीकाठ

भावाच्या चर्चेत बाकीचं वाहून जाऊ नये. शिकागो नदीच्या दक्षिण फाट्यात कारखान्यांनी इतकी आतडी आणि रक्त सोडलं की तळातल्या कुजण्याने पाण्याला बुडबुडे येत. त्या फाट्याचं नावच बबली क्रीक पडलं. बाजार जाऊन पन्नास वर्षं उलटली तरी बुडबुडे दिसतात. शेजारच्या वस्तीत पोलंड, लिथुआनियातून आलेली कुटुंबं कचऱ्याच्या खड्ड्यांना लागून राहत. डिसेंबर 1910 मध्ये यार्डातल्या गोदामाला आग लागली, भिंत कोसळली आणि अग्निशामक दलाचे प्रमुख जेम्स होरान यांच्यासह 21 अग्निशामक गेले. असा बाजार शहरातून हलला याचं मला तरी दुःख नाही.

माणदेशी

नदीकाठ, यातलं काहीही नाकारत नाही. पण तो प्रदूषणाचा बंदोबस्त न करण्याचा दोष आहे. ती घाण पुढे आयोवा, कॅन्ससच्या लहान गावांत गेली, जिथे बोलणारं कुणी नव्हतं.

इलिनॉयकर, तुमचा मुद्दा भक्कम आहे. पण पुढचं बघा. बाजार मोडल्यावर कंपन्या थेट गोठ्यावरून खरेदी करू लागल्या. भाव खासगी करारात बंद झाला. सरकारने 1999 मध्ये कायदा करून मोठ्या कंपन्यांना खरेदीचे भाव कळवायला भाग पाडलं. जे शिकागोत मान हलवल्यावर सगळ्या गल्लीला दिसत होतं, त्यासाठी कायदा! आणि आज चार कंपन्या तिथल्या मांसासाठी पोसलेल्या गुरांपैकी सुमारे 85 टक्के घेतात. पाच घरांची मक्तेदारी तुम्हाला खुपते, मग ही चार घरं?

अडतीवरचा

आमचं घर तीन पिढ्या गुरांच्या बाजारात. उघड भावाचं एवढं कौतुक नको. आमच्याकडे हेडे, म्हणजे गुरांचे व्यापारी-दलाल, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवत. बाजूला उभ्या शेतकऱ्याला, ज्याचा बैल आहे त्यालाही, कधी कधी शेवटचा आकडा नंतर कळे. तरी सांगोल्याला खिलार जोडी घेऊन लोक येतच राहिले. कारण बाजारात एक हेड्या पटला नाही तर दहा पावलांवर दुसरा असतो. गोठ्यावर आलेला व्यापारी एकटाच असतो, आणि त्याला माहीत असतं की तुम्हाला पोरीच्या लग्नासाठी पैसे हवेत. माणदेशींशी मी सहमत आहे, पण भावापेक्षा या दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी.

इलिनॉयकर

दुसरं गिऱ्हाईक, हा मुद्दा पटतो. पण शिकागो कुणी मारलं नाही. स्विफ्टने 1870 च्या दशकातच शीतवाहक डबे, म्हणजे कापलेलं मांस थंड ठेवून नेणारे रेल्वेचे डबे, काढले. जिवंत बैलाच्या वजनातलं निम्म्याच्या आसपास मांस, बाकीचं भाडं वाया. त्या हिशोबाने कत्तल गुरांजवळ जाणार हे उघड होतं. रेल्वेने तो बदल अडवून पाहिला, कारण जिवंत जनावरांच्या वाहतुकीतच तिचा पैसा होता. मग मालमोटारी आणि हमरस्ते आले. 1950 च्या दशकात मोठे कारखाने शिकागो सोडू लागले. शेतकऱ्यानेही जनावर दोन दिवस डब्यात कोंडण्याऐवजी पन्नास मैलांवर विकलं, कारण प्रवासात वजन घटतं आणि ती घट त्याच्याच खिशातून जाते. त्याला कुणी जबरदस्ती केली नव्हती.

माणदेशी

पहिल्या वर्षी नव्हती. शेजारी दुसरा कारखाना होता तोवर नव्हती. तो बंद पडला, शिकागोही गेलं होतं, आणि मग पन्नास मैलांवरच्या एकाच दारात गाडी उभी करायची. माझं म्हणणं शिकागो तसंच जपायला हवं होतं असं नाही. लहान लहान लिलाव बाजार गावोगाव टिकवायला हवे होते, जिथे तीन खरेदीदार समोरासमोर बसतात. काही राज्यांत ते अजून चालू आहेत. आपल्याकडे आठवडी बाजार मोडीत काढून थेट खरेदीची भाषा करणाऱ्यांनी आधी एवढंच सांगावं: आमच्या गोठ्यावर दुसरा व्यापारी कोण पाठवणार?