टेस्टरची वाढ कोड शिकण्यात आहे की धंदा समजून घेण्यात?

टॉवेलवाल्यांचा टेस्टर (धागाकर्ता)

चादरी आणि टॉवेलांच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सोलापुरातल्या एका लहान कंपनीत मी गेली अकरा वर्षे टेस्टिंग करतो आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडचा एक चुणचुणीत मुलगा पुण्याची ऑफर घेऊन गेला. जाताना म्हणाला, "सर, तीन वर्षे हाताने टेस्टिंग केले. आता ऑटोमेशन शिकलो नाही तर याच खुर्चीत म्हातारा होईन." ऑटोमेशन म्हणजे टेस्टिंग हाताने न करता कोड लिहून करवून घेणे. त्याला अडवण्याचा प्रश्नच नव्हता, पण वाढीची जी व्याख्या त्याने मनाशी धरली आहे ती मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठी हा धागा काढतो आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चादर, टॉवेल यांसारख्या तयार कापडी वस्तूंवरचा जीएसटी बदलला. त्याआधी एका नगाची विक्री किंमत १,००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ आणि त्यावर १८ टक्के आहे. आमच्याकडे आलेली रिक्वायरमेंट, म्हणजे काय बनवायचे त्याची मागणी, एका ओळीची होती : नवे दर टाकणे. डेव्हलपरने ते अर्ध्या दिवसात टाकले. टेस्टिंगमध्ये २,४९९, २,५०० आणि २,५०१ या किमती घालून पाहिल्या गेल्या, म्हणजे क्लासमध्ये शिकवतात ती सीमेवरची तपासणी झाली, आणि सगळे बरोबर आले.

आता पुढचे पाहा. १,००० रुपयांच्या तीन चादरी एका ओळीत घेतल्या की ओळीची बेरीज ३,००० होते. कराचा दर नगाच्या किमतीवर ठरतो, पण आमचा प्रोग्रॅम बेरीज पाहून १८ टक्के लावत होता. २,६०० रुपयांच्या डबल बेडच्या चादरीवर ५ टक्के डिस्काउंट दिला तर विक्री किंमत २,४७० होते आणि कर १२३ रुपये ५० पैसे यायला हवा. प्रोग्रॅम दर ठरवताना डिस्काउंटआधीची किंमत पाहत असल्याने तो ४४४ रुपये ६० पैसे दाखवत होता. सर्वांत वाईट प्रकार माल परत येण्याचा होता. ऑगस्टमध्ये १,१०० रुपयांना १२ टक्क्यांनी विकलेली चादर दुकानदाराने ऑक्टोबरमध्ये परत पाठवली, तर क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाचे पैसे वळते करणारा कागद, जुन्या बिलाच्या दराने निघायला हवी. ती निघत होती ५ टक्क्यांनी, म्हणजे १,२३२ रुपयांच्या जागी १,१५५.

ही तिन्ही प्रकरणे ज्या बाईंनी बाहेर काढली त्यांना कोडची एक ओळही लिहिता येत नाही. टेस्टिंगमध्ये येण्यापूर्वी त्यांनी चाटी गल्लीतल्या एका दुकानात चार वर्षे हिशेब लिहिला आहे. विकलेला माल परतही येतो, हे त्यांना कुठल्या कागदात वाचावे लागत नाही.

माझे म्हणणे असे की टेस्टरची खरी वाढ या दिशेने होते, आणि टीमचे कामही यामुळेच सुधारते. या बाई कोड लिहून झाल्यावर आल्या म्हणून तीन बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, निघाले आणि डेव्हलपरचा चेहरा पडला. त्या रिक्वायरमेंटच्या चर्चेला बसल्या असत्या तर तेच तीन प्रश्न झाले असते आणि कोणाचाही चेहरा पडला नसता. क्यूटीपी हे ऑटोमेशनचे साधन येत असल्यावर एकेकाळी नोकऱ्या मिळत. मग २००४ मध्ये जन्मलेले सेलेनियम आले, २०२० मध्ये प्लेराइट आले. साधने बदलत राहतील. परत आलेल्या चादरीचा हिशेब कोणाला तरी यावाच लागेल.

रात्रपाळीची स्क्रिप्ट

धागाकर्त्यांशी असहमत आहे, आणि त्यांचेच उदाहरण घेऊन सांगतो.

बाईंनी तीन बग काढले, त्याबद्दल त्यांना नमस्कार. पुढच्या रिलीजला, म्हणजे सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती बाहेर पडताना, ते तिन्ही पुन्हा कोण तपासणार? त्याच्या पुढच्या रिलीजला? किंमत, नग, डिस्काउंट, बिलाची तारीख आणि परतावा एवढ्या गोष्टींच्या जोड्या लावायला गेलात तर शेकडो टेस्ट केस होतात, आणि रिलीजच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता माणूस त्यांतल्या ओळखीच्या वीस-पंचवीस करतो आणि बाकीच्यांपुढे 'पास' लिहितो. मी स्वतः लिहिले आहे. सगळ्यांनीच कधी ना कधी लिहिले आहे. आपोआप टेस्ट चालवणारी स्क्रिप्ट कंटाळत नाही, तिला घरी जायची घाई नसते आणि ती सकाळी आठ वाजता काय मोडले ते सांगते.

दुसरी गोष्ट पगाराची. मुलाखतीत चादरीच्या परताव्याबद्दल कोणीही विचारत नाही. एपीआय (प्रोग्रॅमांचा आपसातला संवाद) टेस्टिंग येते का, ऑटोमेशनचे फ्रेमवर्क (सांगाडा) उभे केले आहे का, डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा एसक्यूएल लिहिता येते का, हे विचारतात. ज्या मुलाच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला धंदा समजून घे, वाढ आपोआप होईल, असे सांगणे म्हणजे लग्नाळू मुलाला धीर धर म्हणण्यासारखे आहे. शिवाय टॉवेलच्या धंद्याचे ज्ञान पुण्यात हडपसरला जाऊन कामाचे नाही, तिथे विमा असेल किंवा बँक असेल. कोड मात्र बरोबर जातो.

जुळे सोलापूर

दोघेही बरोबर आहेत असे लिहिणार होतो, पण मग चर्चा कशाला. मी स्क्रिप्टवाल्यांच्या बाजूने. मात्र टेस्टरांना प्रमाणपत्र देणाऱ्या त्या ४० प्रश्नांच्या परीक्षेबद्दल कोणी काहीच बोलले नाही. आयएसटीक्यूबीची फाउंडेशन परीक्षा ६० मिनिटांत, २६ उत्तरे बरोबर आली की उत्तीर्ण, आणि परीक्षा मातृभाषेत नसेल तर १५ मिनिटे जादा. मी ती दिली. तिने शब्द दिले, आणि शब्दांचा उपयोग होतो हे कबूल करतो : सिव्हिरिटी (बग किती गंभीर) आणि प्रायॉरिटी (तो किती लवकर दुरुस्त करायचा) यांतला फरक माहीत नसलेल्या मॅनेजरशी भांडताना तो फार होतो. पगार तिने वाढला नाही.

बिल्ड हिरवा आहे

मी डेव्हलपर आहे. म्हणजे या धाग्यातला खलनायक.

टेस्टरने रिक्वायरमेंटच्या चर्चेला बसावे ही कल्पना ऐकायला छान आहे, पण तिच्यातली अडचण अनुभवातून सांगतो. आमच्या टीममध्ये हे दीड वर्ष चालले. टेस्टर पहिल्या दिवसापासून आमच्याशेजारी बसायचा, आमच्याबरोबर चहाला यायचा, आणि आम्ही एखादी गोष्ट अशी का केली हे त्याला इतके चांगले समजायला लागले की ती तशी केल्याचा त्याला संशयच येईनासा झाला. ग्राहकाने पहिल्याच दिवशी जो बग काढला तो त्याने तीनदा पाहिला होता, आणि तिन्ही वेळा हे असेच ठरले आहे असे म्हणून सोडून दिला होता. बाहेरून पाहणाऱ्या नजरेची किंमत असते. टेस्टरच्या स्वतंत्रपणाचे फायदे आणि तोटे हा विषय वर उल्लेख झालेल्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातही आहे. आम्ही तोटेच तेवढे दूर करायला गेलो आणि फायदाही घालवला.

आणि सहकार्याबद्दल बोलायचेच असेल तर बग कसे लिहिले जातात ते एकदा पाहू. आमच्याकडे मागच्या आठवड्यात आलेला बग शब्दशः असा होता : 'बिल चुकीचे येते, अर्जंट.' कोणते बिल, कोणत्या तारखेचे, किती नग, कोणत्या लॉगिनने, काय यायला हवे होते आणि काय आले, यांपैकी काहीच नाही. मी दोन तास शोधून 'नॉट रिप्रोड्युसिबल', म्हणजे माझ्याकडे तसे होत नाही, असे लिहून परत पाठवला की मी उद्धट ठरतो. ज्याला धंदा कळतो तो टेस्टर चांगलाच, पण कळलेले चार ओळींत लिहिता येणे हीसुद्धा वाढच आहे, आणि तिच्यासाठी पुण्याला जावे लागत नाही.

फोल्डिंग खाते

माझे आजोबा इथल्याच एका कापड गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. मागावरून उतरलेले कापड तपासायचे, तुटलेला धागा, सुटलेली जागा, तेलाचा डाग असेल तिथे खूण करायची आणि घडी घालायची, असे ते काम. त्यांनी खूण केली की विणणाऱ्याच्या मजुरीतून पैसे कापले जात. आजोबा सांगत, की याचा परिणाम म्हणून विणणारे चांगले कापड विणायला लागले नाहीत; ते दोष लपवायला शिकले. डाग असलेला भाग घडीच्या आत कसा जाईल हे त्यांना नेमके माहीत असे. उजेड कमी असे तेव्हा, म्हणजे पाळी संपता संपता, माल पुढे सरकवला जाई. आणि ज्या मागामुळे दोष येत होता तो माग तसाच चालू राही, कारण मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरला कोणी काही सांगतच नसे.

मी एका मोठ्या कंपनीत काही वर्षे टेस्टर होतो. तिथे दर महिन्याला टेस्टरने किती बग काढले आणि डेव्हलपरच्या नावावर किती लागले, याचा तक्ता भिंतीवर लावत. पहिल्या तिमाहीतच मी एका चुकीच्या लेबलाचे सात स्क्रीनवरचे सात बग वेगवेगळे टाकायला शिकलो. समोरचा डेव्हलपर मला खासगीत म्हणायचा, "बग टाकू नकोस, नुसते सांग, मी करून देतो." मी सांगायचो, तो करून द्यायचा, आणि तो दोष कोठेही नोंदला जात नसल्यामुळे त्याचे मूळ कारण शोधायला कोणी बसत नसे. आजोबांच्या घडीत आणि आमच्या त्या कुजबुजीत मला आजही फरक दिसत नाही.

त्यामुळे कोड की धंदा हा वाद मला दुय्यम वाटतो. मोजमाप बगच्या संख्येवर असेल तोवर टेस्टर कितीही शिकला तरी टीममध्ये तो मजुरी कापणाराच राहतो. इथे वर ज्यांनी 'चेहरा पडला' असे लिहिले, त्यांच्या डेव्हलपरचा चेहरा का पडला हे त्यांनी एकदा तपासावे.

हुतात्म्याची प्रवासी

दर पंधरवड्याला पुण्याला जाऊन येते, बाकीचे दिवस होटगी रोडच्या घरातून काम करते. म्हणून थोडे वेगळे लिहिते.

धागाकर्ते ज्या चर्चेला बसण्याविषयी लिहितात, ती चर्चा आमच्याकडे कॅन्टीनमध्ये होते. सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीला, सगळे कॅमेऱ्यासमोर असतात आणि निर्णय त्यानंतर चहाच्या रांगेत बदलतो. मला तो संध्याकाळी कळतो, तोही टेस्ट फेल झाल्यावर. यात कोणाचा दुष्टपणा नाही. समोर नसलेला माणूस आठवत नाही इतकेच. मी यावर एक उपाय केला. मराठीतून जाणाऱ्या एसएमएसच्या कामात इंग्रजी संदेशाला एका भागात १६० अक्षरे मिळतात, पण देवनागरी आली की ७०च मिळतात, आणि त्यातही 'श्री' हे एक अक्षर नसून चार मोजले जातात. हे मी कोड सुरू होण्याआधी अर्ध्या पानात लिहून सर्वांना पाठवले. त्या अर्ध्या पानाने माझ्या आधीच्या दोनशे बगांपेक्षा जास्त काम केले, कारण पुढच्या वेळी डेव्हलपरनेच फोन करून विचारले, "ताई, यात मराठीची काही भानगड आहे का?"

'बिल्ड हिरवा आहे' यांच्याशी मी लिहिण्याच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत आहे. शेजारी बसण्याच्या मुद्द्यावर नाही. त्यांचा टेस्टर शेजारी बसल्यामुळे बिघडला नाही, त्याला 'हे असे का ठरले' असे तिसऱ्यांदा विचारणे संकोचाचे वाटले. मला अंतरामुळे तो संकोच वाटत नाही, एवढा एक फायदा सोलापुरात राहण्याचा.

टॉवेलवाल्यांचा टेस्टर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. 'फोल्डिंग खाते' यांचा प्रतिसाद वाचून काल मी आमच्या डेव्हलपरला विचारले. उत्तर सरळ होते : ते तीन बग त्याच्या वार्षिक मूल्यमापनात त्याच्या नावावर लागले. रिक्वायरमेंट एका ओळीची लिहिणाऱ्याच्या नावावर काही लागले नाही. हा तक्ता आमच्याकडे भिंतीवर नाही, फाइलमध्ये आहे, म्हणून मला दिसला नव्हता. मालकांशी यावर बोलणार आहे.

'रात्रपाळीची स्क्रिप्ट' यांना मात्र एक सांगतो. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ३७ सेकंदांनी भरकटले आणि फुटले. त्यातला दोषी कोड एरियान ४ वर व्यवस्थित चाललेला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त असल्याने ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून त्या भागाची चाचणी घेतलीच गेली नव्हती. जुने प्रश्न रात्रभर विचारणारी स्क्रिप्ट मलाही हवी आहे. परिस्थिती बदलली आहे हे तिला कोण सांगणार, एवढाच माझा मुद्दा.

रात्रपाळीची स्क्रिप्ट

मुद्दा मान्य, निष्कर्ष अमान्य. ज्याला परिस्थिती कळते त्यालाच स्क्रिप्ट लिहिता आली तर दोन माणसे लागत नाहीत, आणि पगार त्यालाच जास्त मिळतो. पण ते राहू द्या. तुमच्या बाईंकडून त्या परताव्याच्या केस एवढ्या लिहून घ्या : विक्रीची तारीख, नगाची किंमत, नग, डिस्काउंट, परताव्याची तारीख आणि अपेक्षित रक्कम. कोड मी सांगतो, तुमच्याकडे कोणी टाइप करायला बसा.

टॉवेलवाल्यांचा टेस्टर (धागाकर्ता)

बाईंनी आज दुपारी नऊ ओळी लिहून दिल्या, त्या तुम्हाला पाठवल्या आहेत. दहावी ओळ आमच्या डेव्हलपरने स्वतःहून घातली : २१ सप्टेंबरच्या रात्री माल गाडीत चढला, बिल २२ तारखेला निघाले, तर दर कोणता? तिच्यापुढची अपेक्षित रकमेची जागा रिकामी आहे. सोमवारी बाई आणि तो असे दोघे मिळून व्यापाऱ्याच्या सीएंकडे जाणार आहेत.